वेत आणि वाळुंज

रविवार, सकाळचे साडेसात. आमखास मैदानावर एका वेळी सहा मॅच चालू आहेत आणि शेजारच्या मॅचचा फाइन लेग तुमच्या कव्हरला येऊन उभा आहे. पॅडची जोडी एकच, म्हणून एक तुम्ही बांधलंय आणि एक पलीकडच्या टोकाच्या पोरानं. आज सीझन बॉल आहे, तेव्हा पोटात गोळा आलाय हे कबूल करायला हरकत नाही. बॉलर चालत चालत आपल्या खुणेकडं निघालाय. त्याला पोचायला वेळ आहे. तेवढ्यात हातातली बॅट नीट बघून घ्या.

परवाच नॉक करून आणलेली आहे. जवसाच्या तेलाचा वास अजून गेला नाही. घरी जवसाची चटणी कुटताना येतो त्याच्याच जवळचा, पण जरा खवट. पात्यावर उभ्या रेषा आहेत. मोजल्या तर सात भरतात. एकेक रेष म्हणजे झाडाचं एकेक वर्ष. आता बोट वर सरकवा. मूठ पात्यात जिथं पाचरीसारखी बसवलीय तिथं इंग्रजी व्हीचा आकार लागेल. व्हीच्या खालचं फिकट, हलकं लाकूड विलोचं. या विलोचा एक भाऊ आपल्याकडंही नदी-ओढ्याच्या काठानं वाढतो आणि त्याला वाळुंज म्हणतात. व्हीच्या आतली मूठ वेताची, म्हणजे मास्तरांच्या छडीच्या जातीची. दोन झाडं, मधे पातळशी सरसाची रेघ.

त्या रेघेवर बोट ठेवा आणि डोळे मिटा. बॉलर अजून खुणेवर पोचलेला नाही.

पायाखाली एकदम मऊ लागतं. गाळ आहे. घोट्यापर्यंत गोदावरीचं पाणी आणि समोर चढावर प्रतिष्ठान, आजचं पैठण, पण सातवाहनांच्या काळातलं. वरच्या रस्त्यानं बैलगाड्या चालल्यात, त्यांत किमती दगड भरलेले आहेत. त्या वीस दिवसांनी भडोचला पोचतील आणि तिथून समुद्रापार जातील. कुणी एक ग्रीक व्यापारी हे अंतर आणि हा माल आपल्या समुद्रप्रवासाच्या टिपणात लिहून ठेवणार आहे. आपल्याला त्या गाड्यांशी काम नाही. आपण या झाडाखाली उभे राहू.

झाड अर्धं काठावर, अर्धं पाण्यावर कलंडलेलं. साल काळपट, खडबडीत, उभी फाटलेली. पानं बोटाहून लांब, भाल्याच्या टोकासारखी, वरून हिरवीगार, खालून पांढुरकी. वारा आला की सगळं झाड एकदम उलटं होतं आणि हिरव्याचं रुपेरी दिसतं, वारा पडला की पुन्हा हिरवं. फांदीच्या टोकांना शेपट्यांसारखे तुरे लोंबताहेत. या झाडाचे तुरे पिवळे, परागांनी माखलेले, म्हणजे हा नर. पलीकडच्या वळणावर आहे ती मादी, तिचे तुरे हिरवट. एकाच झाडावर दोन्ही कधी नाहीत. मधमाश्यांची ये-जा चालूच आहे. पिकल्यावर मादीची बोंडं उकलतील आणि कापसात गुंडाळलेलं बी उडेल. एकेका बोंडात साधारण चार. हे बी फार नाजूक असतं. थोड्या दिवसांत ओला गाळ मिळाला तर उगवलं, नाही तर गेलं. म्हणून या झाडानं आणखी एक सोय करून ठेवलीय. पुरात एखादी फांदी मोडली, वाहत गेली आणि खाली कुठं गाळात रुतली की तिला तिथंच मुळं फुटतात. पूर आला की बाकीच्या झाडांचं नुकसान होतं, याचा मात्र वंश वाढतो.

हलू नका, तुमच्या खांद्याजवळच्या कोवळ्या पानावर एक नारिंगी, काळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू अंडं घालतंय. आज त्याला कॉमन लेपर्ड म्हणतात. हे फुलपाखरू दोन प्रकारच्या झाडांवर हमखास दिसतं: एक हे वाळुंज आणि दुसरं आपल्या डोंगरातलं तांबट, आंबटगोड फळांचं काटेरी झुडूप. वनस्पतिशास्त्रज्ञ ही दोन्ही झाडं कितीतरी वर्षं वेगवेगळ्या कुळांत घालत होते. जनुकं तपासायची सोय झाल्यावर त्यांनी तांबटाला वाळुंजाच्या कुळात आणून बसवलं. फुलपाखराला हे आधीपासून माहीत होतं.

तेवढ्यात काठावरच्या दाटीतून पाखरांचा थवा भर्रकन उडतो. गलका होतो. वर चढावरच्या एका घरात, अंगणात काम करत असलेल्या सुनेचे हात थांबतात. तिचं अंगच गळून जातं. बाकी कुणाच्या लक्षात येत नाही, पण तुमच्या यायला हवं. त्या दाटीत कुणीतरी ठरल्या वेळी येऊन थांबलेलं आहे आणि तिला घरच्या कामातून पाय काढता येत नाही. हे महाराष्ट्री प्राकृतातल्या एका गाथेतलं दृश्य आहे. न बोलता अर्थ कसा पोचतो हे समजावण्यासाठी नवव्या शतकात आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोक’मध्ये ती गाथा घेतली. आनंदवर्धन काश्मीरचा, राजा अवंतिवर्म्याच्या दरबारातला. अवंतिवर्म्याचं अवंतीपूर लक्षात ठेवा, परतताना त्या वाटेनं जायचंय.

गाथेत त्या दाटीला वानीर म्हटलंय. वानीर, वेतस, वंजुल हे सगळे पाण्याकाठचे शब्द आणि सगळे भांडणाचे. कुणी म्हणतं वेत, कुणी म्हणतं वाळुंज, आणि वंजुलाचा अर्थ तर अशोकही होतो. वेत म्हणजे काटेरी वेल, ताडामाडाच्या कुळातला. त्याला दाट, ओलं रान लागतं. पैठणच्या मोकळ्या, उन्हानं भाजणाऱ्या काठावर तो कशाला येईल? म्हणून मी वाळुंजाच्या बाजूचा. वंजुल हा शब्द चार वेळा भराभर म्हणून पाहा, जीभ आपोआप वाळुंजापाशी येते. याला पुरावा म्हणू नका, जिभेचा चाळा म्हणा.

आता गोदावरी सोडून खाम नदीच्या काठानं वर चला आणि सोळा-सतरा शतकं पुढं. 1700 च्या आसपासचं आपलं शहर, औरंगाबाद. ज्या जागेला आपण पाणचक्की म्हणतो तिथं बाबा शाह मुसाफिर यांचा तकिया आहे. बाबा बुखाऱ्याजवळच्या गुजदुवानचे. तिकडचे, तुराणातले शिपाई, फकीर, वाटसरू सगळे इथं येऊन टेकतात. बादशहाची फौज दख्खनच्या किल्ल्यांमागं धावतेय आणि तिच्यातून गळालेली माणसं या ओसरीवर पडलेली आहेत.

तुमच्या शेजारी घोंगडीखाली एक तुराणी शिपाई हुडहुडतोय. ताप भरलाय. दुसरा त्याच्याकडं बघून म्हणतो, बेदासारखा थरथरतोय बघा. बेद म्हणजे फारसीत विलो. उर्दूतही हा वाक्प्रचार आला. तापातल्या माणसाला आता तेच झाड आठवतं. गावाकडचे पाट, पाटांच्या दोन्ही अंगांना बेदांच्या रांगा आणि ज्याच्या फांद्या केस मोकळे सोडल्यासारख्या पाण्यावर लोंबतात तो बेद-ए-मजनून. मजनूचं नाव द्यावं असंच ते झाड दिसतं. उशाशी एक कुपी आहे, तिच्यात अर्क-ए-बेदमुश्क. विलोच्याच एका जातीच्या सुगंधी फुलांचा काढलेला हा अर्क आजही युनानी दवाखान्यात मिळतो. छातीची धडधड आणि जिवाची काहिली शमवायला देतात. हकीमसाहेबांच्या बाडात तापावर बेदसादा, म्हणजे साधा विलोही लिहिलेला आहे, पण तो बुखाऱ्याचा. इथं ते त्याला चिराईताचा काढा पाजतात. तोंड वाकडं करून तो पितो.

तो फारसीत बेद म्हणतो आणि तुम्ही पैठणहून वेतस ऐकून आलात. हे शब्द सख्खे भाऊ आहेत. अवेस्तात याच झाडाला वएति म्हणत आणि मुळाशी वाकवणं, पिळणं, विणणं असा अर्थ असलेला धातू आहे असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे त्या तापलेल्या शिपायाला आपण परमुलखात आलो असं वाटत असेल, पण त्याच्या झाडाचं नाव त्याच्या कितीतरी आधी इथं येऊन राहिलेलं होतं.

इथून पुढची उडी थोडी अंगावर येईल. 10 ऑगस्ट 1763. राक्षसभुवन, आजच्या गेवराई तालुक्यात. गोदावरी दुथडी भरलीय. निजाम अली पलीकडं उतरून औरंगाबादच्या बाजूला पोचलाय आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर पिछाडीसह अलीकडंच अडकलाय. अठरा वर्षांचे माधवराव पेशवे त्याच्यावर तुटून पडतात. निजामाला पलीकडच्या काठावरून बघत राहण्याशिवाय काही करता येत नाही, कारण पाणी उतारच देत नाही. विठ्ठल सुंदर मारला जातो. संध्याकाळी काठावर जखमी पडलेत. तुम्ही एका पोरसवदा बारगिराचं डोकं मांडीवर घेऊन बसला आहात आणि त्याच्या कण्हण्यावर तुमच्यापाशी काहीही नाही.

गंमत अशी की त्याच वर्षी, जेमतेम साडेतीन महिन्यांपूर्वी, एप्रिलच्या 25 तारखेला इंग्लंडात एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्र्यानं रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिलं होतं. विलोची साल त्यानं सहज चघळून पाहिली तेव्हा ती सिंकोनासारखी कडू लागली. पाणथळ जागी ताप येतो, तर त्याचा उतारही पाणथळ जागीच उगवत असणार, असा त्याचा तर्क. तर्क भाबडा होता, पण माणूस चिकाटीचा. पाववाल्याच्या भट्टीबाहेर पिशवीत साल तीन महिन्यांहून अधिक वाळवली, पूड केली आणि पाच वर्षांत सुमारे पन्नास तापकऱ्यांना दिली. बहुतेकांना उतार पडला. छापताना सोसायटीनं त्याचं नाव चुकवून एडमंड केलं, ते निराळंच. पुढं 1828 मध्ये म्यूनिकला बुखनरनं त्या सालीतून पिवळट कडू सॅलिसिन वेगळं काढलं. 1897 मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमननं ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल शुद्ध रूपात तयार केलं आणि 1899 मध्ये ते ॲस्पिरिन या नावानं बाजारात आलं. आजची गोळी झाडाला हातही न लावता फिनॉलपासून बनते.

राक्षसभुवनच्या बारगिराला यातलं काही मिळालं नाही. पण त्याला निरगुडीचा शेक मिळाला असेल, आणि माझ्या मते वाळुंजाची खरी गोष्ट इथंच आहे. युरोपात विलोनं जी जी कामं केली ती आपल्याकडं दुसऱ्यांनीच उरकली. तिकडं विलोच्या फोकांच्या टोपल्या विणत, इकडं बुरुड बांबूच्या विणतात. तिकडं तोफेच्या दारूला विलोचा कोळसा घालत, इकडं तुराट्यांचा. तापाला कडुनिंब, चिराईत, गुळवेल. आणि निरगुडीनं तर विलोची जागाच घेतली. तीही ओढ्याकाठी वाढते, तिचेही फोक टोपल्यांना चालतात, आणि गुडघे धरले की आजी तिचाच पाला उकळते. तिचं शास्त्रीय नाव वायटेक्स, त्याचाही धागा त्याच विणण्याच्या धातूपर्यंत नेतात. एवढे सगळे हाताशी असताना वाळुंजाकडं कोण बघणार? त्याची पानं गुरांना तोडायची, बाकी त्याला काठावर उभं ठेवायचं. काठ धरून ठेवायचं काम ते बिनबोभाट करत राहिलं, आणि जे काम बिनबोभाट होतं त्याची आठवण कुणी ठेवत नाही.

याला शास्त्रीय नाव मिळालं तेही या नदीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाकडून. विल्यम रॉक्सबर्ग, स्कॉटिश डॉक्टर, 1781 पासून गोदावरीच्या मुखाजवळ सामलकोटला होता. कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या त्याच्या चित्रग्रंथात अठराव्या शतकाच्या अखेरीला हे झाड आलं: सॅलिक्स टेट्रास्पर्मा, चार बियांचा विलो.

चला, आता परतीची वाट. ती काश्मीरवरून जाते. जम्मू-श्रीनगर महामार्ग, अवंतीपूर. आनंदवर्धनाच्या राजानं बांधलेल्या मंदिरांचे भग्न खांब रस्त्यालगत उभे आहेत. तिथून जम्मूच्या बाजूला थोडं गेलात की संगम येतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फिकट लाकडाच्या फळ्यांच्या जाळीदार चळती सुरू होतात, घराएवढ्या उंच. बॅटच्या कच्च्या फळ्या वाळायला ठेवल्यात. एका चळतीत हात घाला. ओलं लाकूड गार लागतं, वाळलेलं कोमट. आत शेडमध्ये यंत्रावर पातं दाबताहेत. दाबलं नाही तर पहिल्याच सीझन बॉलला खड्डा पडेल, जास्त दाबलं तर बॅट मरेल, बॉल जाणारच नाही. मूठ मात्र इथली नसते. वेत दूरच्या उष्ण जंगलातून येतो. कारागीर व्हीच्या खाचेत सरस लावतो, मूठ ठोकून बसवतो आणि जे भांडण टीकाकारांना मिटवता आलं नाही ते शिकंज्यात अडकवून वाळत ठेवतो. वेत की वाळुंज? दोन्ही.

इंग्लिश विलोची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. बॅटसाठी जी खास जात लावतात ती सगळी मादी झाडं असतात. बी पेरायचा प्रश्नच नाही, फांद्या रोवत रोवतच ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. 2021 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी बांबूची बॅट करून बघितली आणि ती विलोपेक्षा टणक निघाली, तर क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीनं सांगितलं की पातं लाकडाचंच हवं, बांबू गवत आहे. तेव्हा आपल्या बुरुडांना इथं तूर्त वाव नाही. मात्र आपल्या भागातल्या माणसाला विलोची पारख नाही असं कुणी म्हणू नये. 2002 च्या ऑगस्टमध्ये लीड्सला, बॉल सापासारखा वळत असताना, बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर सलामीला जाऊन 68 धावा करून आला आणि भारतानं तो कसोटी सामना डावानं जिंकला. त्या दिवशी त्यानं बॉल मारले त्याहून सोडले किती, हे ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा.

डोळे उघडा, बॉलर सुटलाय.

बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर, तुम्ही बांगर नाही, तुम्ही बॅट घालता. कड लागते. स्लिपला कुणी नाही म्हणून वाचता, पण तोच बॉल शेजारच्या मॅचच्या अंपायरला जाऊन लागतो आणि पुढची दहा मिनिटं क्रिकेटऐवजी चर्चा चालते.

दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागलंय, ऊन होतं. सोमवारी पहिली शिफ्ट, वाळूजला. बजाजचा कारखाना 1985 मध्ये तिथं आला तेव्हापासून शहरातल्या निम्म्या घरांची सकाळ त्या रस्त्यावर सुरू होते. शेजारचं वडगाव कोल्हाटी वडाचं गाव, हे कुणालाही सांगावं लागत नाही. वाळूज आणि वाळुंज यांत, ऱ्हस्व-दीर्घ सोडलं तर, फक्त एका अनुस्वाराचं अंतर आहे. अनुस्वारावर इतिहास उभा करू नये, हे मला कळतं. तरी कंपनीच्या बसमधून पाटी दिसली की मी दर वेळी तो अनुस्वार मनात देऊन बघतो. गोळ्या बनवणारे कारखानेही तिथं आहेत आणि खाम नदी शहरातून निघून तिकडूनच पुढं गोदावरीकडं जाते.

खामच्या काठांची साफसफाई आणि झाडं लावायचं काम शहरात 2021 पासून चालू आहे. तुमचा त्यात हात असेल, किंवा शेताला ओढा लागून असेल, तर पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्यावर वाळुंज शोधा. महाबळेश्वरच्या बाजूला सापडेल. बी गोळा करायच्या भानगडीत पडू नका, घरी येईपर्यंत मरेल. मालकाला विचारून अंगठ्याएवढ्या जाडीच्या हातभर फांद्या आणा, ओल्या गोणपाटात गुंडाळून, आणि अर्ध्या गाळात रोवा. तुरे आलेले असताना झाडं ओळखून ठेवा, म्हणजे दोन वेगळ्या झाडांच्या घेता येतील, एक नर आणि एक मादी.